नऊ हजार पट ऊन आणि आपला हिशेब

पृथ्वीवर एका तासात जेवढी सौरऊर्जा येते तेवढ्यात सगळ्या जगाची वर्षभराची गरज भागेल, हे वाक्य आता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापासून सभेतल्या भाषणापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. वाक्य खरं आहे. पण त्याच्या आधाराने आपल्या चर्चेत दोन निष्कर्ष मुरले आहेत, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक म्हणतो, ऊन एवढं अमाप आहे की ऊर्जेची चिंता संपलीच. दुसरा म्हणतो, सूर्यापुढे माणूस इतका क्षुद्र आहे की त्याच्यामुळे पृथ्वीचं हवामान बदलतं असं मानणं हा निव्वळ अहंकार आहे. हे दोन्ही निष्कर्ष मला धोकादायक वाटतात, कारण धोरणं त्यांच्यावरच उभी राहतात.

आधी हिशेब करू. वातावरणाच्या बाहेर, सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरवर दर सेकंदाला १३६१ ज्यूल ऊर्जा पडते, म्हणजे १३६१ वॅट. पृथ्वी सूर्यासमोर ६३७१ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाएवढी जागा अडवते. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १२ कोटी ७५ लाख चौरस किलोमीटर. दोन्हींचा गुणाकार केला की साधारण १,७३,००० टेरावॅट येतात. एक टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट. दुसऱ्या बाजूला कोळसा, तेल, वायू, अणू, पाणी, वारा असं सगळं मिळून माणूस सरासरी २० टेरावॅटच्या आसपास ऊर्जा वापरतो. भागाकार जवळजवळ नऊ हजार. वर्षात तास ८७६०, म्हणून ते ‘एका तासाचं’ वाक्य.

या हिशेबातला १३६१ हा आकडा मिळवायला माणसाला पावणेदोनशे वर्षं लागली. फ्रान्समध्ये क्लोद पुइए यांनी १८३८ साली प्रसिद्ध केलेलं मोजमाप आजही वाचताना थक्क व्हायला होतं. चांदीच्या पातळ पत्र्याची एक उथळ गोल डबी, तिचा दर्शनी भाग काजळीने काळा केलेला, आत पाणी आणि पाण्यात थर्मामीटर. डबी पाच मिनिटं सावलीत ठेवायची, मग पाच मिनिटं थेट सूर्यासमोर, पुन्हा पाच मिनिटं सावलीत. उन्हात पाणी किती तापलं आणि सावलीत किती निवलं यावरून उन्हाची ताकद काढायची. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, म्हणजे किरण हवेच्या कमीजास्त जाडीतून येत असताना हाच प्रयोग करून त्यांनी वातावरण नसतं तर किती ऊन लागलं असतं याचा अंदाज बांधला. उत्तर आलं १२२८ वॅट. आजच्या आकड्यापेक्षा जेमतेम दहा टक्के कमी! पुढे सॅम्युअल लँगली यांनी १८८१ साली कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीवर कितीतरी नाजूक यंत्र नेलं आणि त्यांचं उत्तर प्रत्यक्षापेक्षा बरंच जास्त निघालं. यंत्र चांगलं असलं तरी हवेने खाल्लेलं ऊन परत हिशेबात धरताना चूक होऊ शकते.

हवेचा अडथळा टाळायचा तर अंतराळात जायला हवं. १९७८ पासून उपग्रहांवरून ही मोजणी अखंड चालू आहे. पण तिथेही सगळं सुरळीत नव्हतं. २००३ साली सोडलेल्या नासाच्या ‘सोर्स’ उपग्रहावरचं यंत्र १३६१ दाखवू लागलं, तेव्हा जुनी यंत्रं १३६५-१३६६ सांगत होती. सूर्य तर एकच. मग चूक कुणाची? २०११ साली ग्रेग कॉप आणि ज्युडिथ लीन यांच्या शोधनिबंधाने त्याचा निकाल लावला. जुन्या यंत्रांत प्रकाश आत घेणारं मोठं छिद्र पुढे होतं आणि काटेकोर मापाचं छोटं छिद्र मागे. दोन्हींच्या मधल्या जागेत शिरलेला जादा प्रकाश इकडेतिकडे विखरून थोडासा मोजणीत मिसळत होता. नव्या यंत्रात काटेकोर छिद्र पुढे आणलं आणि जादा प्रकाश दारातच अडला.

साडेचार वॅटचा फरक तो काय, असं वाटेल. तो सबंध पृथ्वीवर पसरून पाहा. गोलाचं क्षेत्रफळ त्याच त्रिज्येच्या वर्तुळाच्या चौपट, म्हणून चाराने भागायचं. आलेल्या उन्हातलं ३० टक्के ढग, बर्फ आणि वाळवंटांवरून परत जातं, तेही वजा करायचं. उरतात दर चौरस मीटरला ०.८ वॅट. योगायोगाने पृथ्वीच्या ऊर्जेच्या ताळेबंदातली अलीकडच्या काळातली तफावतही जवळजवळ तेवढीच आहे. हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालात २००६ ते २०१८ या काळासाठी ती ०.७९ वॅट दिली आहे. म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी एवढी ऊर्जा अवकाशात परत न जाता इथेच साठते आहे.

ही तफावत उपग्रहाच्या आकड्यांच्या नुसत्या वजाबाकीतून काढलेली नाही. तशी काढता आलीही नसती, यंत्रांमधला फरकच तिच्याएवढा होता. ती समुद्राने सांगितली. जगभरच्या महासागरांत आर्गो नावाचे जवळजवळ चार हजार स्वयंचलित मापक फिरत आहेत. ते दोन हजार मीटर खोल बुडी मारतात, वर येताना पाण्याचं तापमान आणि क्षारता नोंदवतात आणि पृष्ठभागावर येऊन उपग्रहाला कळवतात. हैदराबादची आपली ‘इन्कॉइस’ ही संस्थाही या कामात आहे. साठलेल्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास समुद्रात जाते, त्यामुळे समुद्राचं तापमान हीच या ताळेबंदाची खरी वही आहे.

आता ‘माणूस क्षुद्र’ या म्हणण्याकडे वळू. आपण जाळलेल्या, वापरलेल्या सगळ्या ऊर्जेची शेवटी उष्णताच होते. हे २० टेरावॅट पृथ्वीच्या ५१ कोटी चौरस किलोमीटरवर पसरले तर दर चौरस मीटरला ०.०४ वॅट येतात. सूर्याच्या तुलनेत हे काहीच नाही, इथपर्यंत त्या म्हणण्यात तथ्य आहे. (तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पृथ्वीच्या पोटातून सतत बाहेर पडणारी उष्णता ४७ टेरावॅटच्या आसपास आहे. ज्वालामुखी, भूकंप, खंडांचं सरकणं हे सगळं त्या उष्णतेच्या बळावर चालतं, आणि आपला वापर तिच्या ४० टक्क्यांपर्यंत गेला आहे. भरती-ओहोटीत खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या तर तो पाचपट आहे. ‘क्षुद्र’ हा शब्द मला इथेच खटकतो.)

पण मुद्दा आपल्या चुलीच्या उष्णतेचा नाहीच. दर चौरस मीटरला ०.८ वॅटची तफावत सबंध पृथ्वीवर धरली की ४०० टेरावॅट होतात, म्हणजे माणूस वापरतो त्याच्या वीसपट. आपण शेकोटी पेटवून खोली तापवत नाही, आपण पृथ्वीवर गोधडी पांघरतो आहोत, ऊब सूर्याचीच आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. कोळशाचा तुकडा एकदाच जळतो आणि एकदाच उष्णता देतो. त्याचा वायू मात्र कित्येक पिढ्या हवेत राहून उन्हाची ऊब अडवत राहतो. म्हणून ऊर्जेच्या आकड्यांत किरकोळ दिसणारा माणूस परिणामांत किरकोळ राहत नाही. नऊ हजारांचा भागाकार पुढे करून हवामान बदल नाकारणाऱ्याने सूर्याची तुलना चुलीशी केली आहे. ती गोधडीशी करायला हवी होती.

सूर्यच तापला असेल, ही शंका उरतेच. तीही मोजमापानेच फिटते. अकरा वर्षांच्या सौरडागांच्या चक्रात सूर्याचं तेज जेमतेम ०.१ टक्का वरखाली होतं. १९७८ पासूनच्या नोंदींत ते वाढत गेल्याचं दिसत नाही, तापमान मात्र वाढत गेलं आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. त्यामुळे वातावरणाबाहेरचं ऊन वर्षभरात जवळजवळ सात टक्क्यांनी बदलतं. पण तो दरवर्षीचा ठरलेला फेरा आहे, त्यातून काही साठत नाही.

आता उरलेला निष्कर्ष, ‘ऊन अमाप आहे’. हा लोकप्रिय आहे आणि चांगल्या हेतूने सांगितला जातो, म्हणून त्याच्याशी जास्त सावधपणे वागायला हवं. परत जाणारं ३० टक्के सोडा. हवा आणि ढगांनी वाटेत शोषलेलं सोडा. जमिनीपर्यंत आणि समुद्रापर्यंत पोचतं ते निम्म्याहून थोडं कमी. त्यातलं ७० टक्के पाण्यावर पडतं. कोरड्या जमिनीच्या वाट्याला येतं तेही माणसाच्या वापराच्या हजार पटींच्या वर भरतं. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजाने भारताच्या भूमीवर वर्षाला ५००० लाख कोटी युनिट एवढं ऊन पडतं. देशातली वर्षाची वीजनिर्मिती १.८ लाख कोटी युनिटच्या आसपास आहे. भौतिकशास्त्राला इथे काही अडचण नाही, हे मी आनंदाने मान्य करतो.

अडचण अशी की वीज लागते एका विशिष्ट जागी आणि विशिष्ट वेळी, आणि हा भागाकार वर्षाची आणि सबंध पृथ्वीची सरासरी काढून बसलेला असतो. जुलैतल्या रत्नागिरीत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. संध्याकाळी सात वाजता घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही एकदम सुरू होतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो. राजस्थानात भर दुपारी तयार होऊ शकणारी काही वीज ती वाहून नेणाऱ्या तारा पुरेशा नसल्यामुळे सोडून द्यावी लागते. त्या दुपारी तिथे ऊन कमी नव्हतंच.

छपरावरच्या एका पॅनलचंच बघा. त्याच्या मागे चिकटवलेल्या कागदावर लिहिलेली क्षमता एका ठरावीक कसोटीवर काढलेली असते: चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि पॅनलचं स्वतःचं तापमान २५ अंश. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ऊन त्या कसोटीच्या जवळ जातं, पण काळं पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं. सिलिकॉनच्या पॅनलची वीज प्रत्येक जादा अंशामागे ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटते. चाळीस अंश जास्त म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास घट, आणि तीही आकाश निरभ्र असताना. त्यावर रस्त्याची धूळ, पाखरांची विष्ठा, शेजारच्या टाकीची सावली. म्हणून एक किलोवॅटच्या संचातून महाराष्ट्रात महिन्याला सरासरी १२० युनिट धरतात, दिवसाला चार. चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला असता तर त्याने २४ दिले असते.

हे सौरऊर्जेच्या विरोधात मुळीच नाही. चार युनिट हे चार युनिटच असतात, आणि दर महिन्याचं बिल ते कमी करतातच. माझा आक्षेप घोषणांच्या भाषेवर आहे. योजना जाहीर होतात त्या मेगावॅटमध्ये. मेगावॅट ही क्षमता झाली. शेतकऱ्याला, गृहिणीला, कारखानदाराला लागतात युनिट, आणि ते कोणत्या तासाला मिळणार हेही माहीत असावं लागतं. प्रत्येक सौर योजनेच्या घोषणेसोबत महिनावार आणि तासवार अपेक्षित युनिट सांगणं बंधनकारक केलं, तर अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

सौरऊर्जेचा सर्वांत चपखल उपयोग मला शेतीपंपात दिसतो. आपल्याकडे शेतकऱ्याला वर्षानुवर्षं रात्रीची वीज मिळाली. थंडीच्या दिवसांत मध्यरात्री पाणी द्यायला उठायचं, वाटेत साप-विंचू, आता बऱ्याच भागांत बिबट्या. पाणी मात्र दिवसा दिलेलं पिकाला चालतं, आणि ऊन असताना उपसून शेततळ्यात साठवताही येतं. म्हणजे मागणीच उन्हाच्या वेळेला नेऊन बसवता येते. २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही तिची सुरुवातीची ठिकाणं. गावाजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प आणि त्याच्यावर शेतीचा फीडर, म्हणजे पंपांना वीज पुरवणारी वाहिनी, ही कल्पना मला आजही योग्य वाटते. आणि संध्याकाळसाठी घाटघरसारखे प्रकल्प आहेतच. तिथे जादा वीज असताना पाणी खालून वरच्या धरणात चढवतात आणि गरज पडेल तेव्हा ते सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज घेतात. सह्याद्रीची उंची हे आपलं भांडार आहे. त्याचा विचार पॅनलच्या बरोबरीने व्हायला हवा.

पण फीडर किती एकरांच्या पॅनलवर चालेल, पंप किती अश्वशक्तीचा लावावा, तळं केवढं खणावं, हे ठरतं त्या गावातल्या उन्हावर. सोलापूरच्या ऑगस्टमधल्या उन्हात आणि महाबळेश्वरच्या पायथ्याच्या ऑगस्टमधल्या उन्हात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे ‘पृथ्वीवर एका तासात’ हे वाक्य काही कामाचं नाही. इथे लागते रोजची, जागेवरची नोंद.

अशी नोंद ठेवण्याची या देशातली परंपरा पुण्यातून सुरू झाली, आणि ती एका बाईंनी उभी केली. अ‍ॅना मणी १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखतात, कारण खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून तिथे आलं होतं. तेव्हा साधी हवामानयंत्रंही बाहेरून मागवावी लागत. मणी यांनी ती इथे बनवायला लावली, त्यांचे आराखडे प्रमाणित केले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी देशभर सौर प्रारण, म्हणजे जमिनीवर पोचणारं ऊन, मोजणारी केंद्रं उभारली. तेव्हा भारतात सौर पॅनल विकत घेणारं कुणी नव्हतं, या आकड्यांना गिऱ्हाईक नव्हतं. तरी केंद्रं चालली, नोंदी साठल्या आणि त्यातून १९८० आणि १९८१ साली भारताच्या सौर प्रारणाविषयी दोन जाडजूड ग्रंथ निघाले. पुढच्या काळातल्या सौर अभियंत्यांनी प्रकल्प आखायला घेतले तेव्हा त्यांच्या हातात ही आकडेवारी आयती होती. या बाईंचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात ठळकपणे असायला हवं, असं मला फार वाटतं.

अशा केंद्रावरचं मुख्य यंत्र म्हणजे पायरॅनोमीटर. काचेच्या दोन अर्धगोलांखाली एक काळी तबकडी. ती उन्हाने तापते, तिच्या आणि यंत्राच्या थंड भागाच्या तापमानातल्या फरकातून सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो, आणि तो मोजला की ऊन कळतं. पुइए यांच्या डबीचंच हे वंशज. काचेवर धूळ बसू द्यायची नाही, यंत्र समतल ठेवायचं, ठरावीक काळाने ते प्रमाण यंत्राशी ताडून पाहायचं. यात कुठेच थोर तंत्रज्ञान नाही, रोजची काळजी मात्र भरपूर आहे. हीच काळजी आपल्याकडे पहिली बंद पडते, कारण उद्घाटनाला फीत असते, देखभालीला नसते.

आता उपग्रहावरून सगळं दिसतं, मग जमिनीवर यंत्रं कशाला, असं विचारणारे आहेत. उपग्रह ढग चांगले ओळखतो. पण हवेतला धूर आणि धूळ यांनी खाली नेमकं किती ऊन अडवलं, याचा तो अंदाजच करतो, आणि तो अंदाज बरोबर आहे का हे जमिनीवरचं यंत्रच सांगू शकतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हवामान खात्याच्या बारा केंद्रांच्या नोंदी तपासल्या तेव्हा १९८१ ते २००४ या काळात भारतात जमिनीवर पोचणारं ऊन घटत गेल्याचं दिसलं. सूर्य तोच होता, मधली हवा मळत गेली होती. कोळसा जाळून आपण एकीकडे उष्णता अडवणारा वायू सोडतो आणि दुसरीकडे त्याच्याच धुराने पॅनलवरचं ऊन कमी करतो, ही गोष्ट कुणाला केवळ तर्काने पटली नसती. ती पटली, कारण कुणीतरी पंचवीस वर्षं रोज काच पुसली होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. २०११ पासून केंद्राने सौर प्रारण मोजण्यासाठी खास केंद्रांचं जाळं उभारायला घेतलं, पहिल्या टप्प्यात अशी ५१ केंद्रं झाली. ते पाऊल योग्य होतं, पण एवढ्या मोठ्या देशाला ते पुरणारं नाही. महाराष्ट्रात पीक विम्यासाठी महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. तिथे पावसाइतक्याच गांभीर्याने उन्हाची नोंद व्हावी आणि ती कुणालाही बघता यावी. आणि जे आकडे आधीच मोजले जात आहेत ते तरी बाहेर यावेत. प्रत्येक मोठ्या सौर प्रकल्पावर पायरॅनोमीटर बसवलेला असतो, कारण प्रकल्प नीट चालतो की नाही हे त्याशिवाय कळत नाही. त्या नोंदी प्रकल्पाच्या मालकाकडेच राहतात. त्यातल्या अनेक प्रकल्पांना जमीन मिळाली आहे ती सरकारी किंवा गायरानाची, गावाने सोडलेली. विजेचा दर, उत्पादनाचा करार, नफा हे कंपनीचं असेल. त्या गायरानावर रोज किती ऊन पडलं हा आकडा कंपनीचा कसा? जमीन भाडेपट्ट्याने देताना करारात एक कलम घालावं की तिथल्या उन्हाची तासागणिक नोंद दर महिन्याला सार्वजनिक केली जाईल आणि यंत्र वर्षातून एकदा पुण्यात ताडून घेतलं जाईल. नव्या करारांसाठी हे उद्यापासून करता येईल.